ड्रायव्हरमध्ये ट्रेसपॉइंट टाकायचे आहेत: कुठे, किती आणि कसे?

पिंपळवाट

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचं उपकरण पंपाच्या बेअरिंगची थरथर मोजतं. आत चार कोरचा ६४ बिटी आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स ६.१, आणि एसपीआय बसवर (चिप जोडायच्या सामाईक तारांवर) एक एडीसी चिप, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी. चिपचा ड्रायव्हर आम्ही लिहिलाय, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मॉड्यूल म्हणून वेगळा लोड होतो.

चिप सेकंदाला १००० सॅम्पल घेते. तिच्या पोटात १६ सॅम्पलचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग) आहे. ८ भरले की ती इंटरप्ट (प्रोसेसरला ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा) देते, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक. इंटरप्ट आल्यावर चालणारा हँडलर आमच्या थ्रेडला जागं करतो आणि थ्रेड एसपीआयवरून फिफो उपसतो. तासन्‌तास सगळं सुरळीत चालतं आणि मध्येच कधीतरी ओव्हरफ्लोचा बिट लागलेला सापडतो. म्हणजे सॅम्पल सांडले. या कामात चार सॅम्पल गेले तरी चालत नाही. त्या खाचेमुळे स्पेक्ट्रममध्ये नसलेल्या फ्रिक्वेन्सी उगवतात आणि चांगलं बेअरिंग खराब ठरतं. मग कोणीतरी पंप बंद करून उघडायला घेतो.

थ्रेडच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारं फंक्शन) टाकून पाहिलं. तर कधीतरी येणारा ओव्हरफ्लो दर इंटरप्टला यायला लागला! सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर आहे.

आता ट्रेसपॉइंट (कोडमधल्या खुणा, चालू केल्या की तिथली घटना वेळेसकट नोंदवतात) टाकावेत असं ठरवलंय. ते नक्की कुठे टाकायचे हेच कळत नाहीये. प्रत्येक फंक्शनच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना टाकू का? साधारण तीसेक फंक्शन आहेत. बंद असताना त्यांचा भार किती? आणि एक नमुना म्हणून टाकून पाहिला तर मॉड्यूल जोडताना ‘__ट्रेसपॉइंट_एडीसी_ड्रेन अनडिफाइन्ड’ अशी एरर येतेय. हेडर तर बरोबर इन्क्लूड केलाय.

कोथरूडकर

नुसतं बघायचंच असेल तर ड्रायव्हरला हात न लावता केप्रोब (चालू कर्नलमधल्या फंक्शनवर बाहेरून लावायची खूण) लावून बघा. २००४ पासून, २.६.९ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहेत. /सिस/कर्नल/ट्रेसिंग मधल्या केप्रोब_इव्हेंट्स फाइलमध्ये फंक्शनचं नाव लिहिलं की झालं. कम्पाइल नाही, रीबूट नाही.

मर्यादा दोन. कम्पायलरने इनलाइन करून टाकलेलं फंक्शन सापडत नाही, कारण ते स्वतंत्र उरलेलंच नसतं. आणि कधी कधी नावाला ‘.आयसरा’ किंवा ‘.कॉन्स्टप्रॉप’ असं शेपूट लागलेलं असतं. कॅलसिम्स फाइलमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या नावांच्या यादीत, आधी नाव तपासा.

रात्रपाळी

पिंपळवाट, आधी प्रिंटकेचा हिशोब बघ, म्हणजे मनातली शंका जाईल. ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद. तू दोन ओळी टाकल्यास, म्हणजे १४. तुझा इंटरप्ट दर ८ मिलिसेकंदांनी येतोय. दर वेळी ओव्हरफ्लो होणारच होता. ६.१ मध्ये ही छपाई बहुधा प्रिंटके बोलावणाऱ्याच्याच खांद्यावर पडते, तुझ्या बाबतीत इंटरप्टच्या थ्रेडवर. वेळेचा प्रश्न प्रिंटकेने शोधायचा नाही.

ट्रेसपॉइंट हेच बरोबर उत्तर आहे. पण तीस फंक्शन गुणिले दोन असे साठ टाकू नकोस. फंक्शनमध्ये शिरणं आणि बाहेर पडणं बघायला फंक्शन ट्रेसर आधीपासून आहे, फंक्शन_ग्राफ लावलास तर प्रत्येकाला किती वेळ लागला तेही लिहून देतो. त्याला ड्रायव्हरचा अर्थ मात्र कळत नाही. फिफोत किती सॅम्पल होते, ओव्हरफ्लो लागला होता का, हा उपसा कितवा, हे फक्त ड्रायव्हरला माहीत असतं. ट्रेसपॉइंट त्यासाठी.

मी जागा ठरवते ती अशी: काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तिथे. तुझ्याकडे अशा जागा मोजक्याच आहेत. चिपने इंटरप्ट दिला. हँडलरने थ्रेडला जागं केलं. थ्रेडने बसकडे मागणी केली. बसने उत्तर दिलं. थ्रेडने सॅम्पल बफरमध्ये ठेवले. वरच्या प्रोग्रॅमने ते उचलले.

यातल्या निम्म्या जागांवर कर्नलने आधीच ट्रेसपॉइंट ठेवलेले आहेत. इव्हेंट्स फोल्डरमध्ये जाऊन बघ. आयआरक्यूखाली आयआरक्यू_हँडलर_एन्ट्री आणि आयआरक्यू_हँडलर_एक्झिट. शेडखाली शेड_वेकिंग आणि शेड_स्विच, म्हणजे थ्रेड कधी उठवला आणि प्रत्यक्ष कोरवर कधी चढला. एसपीआयखाली मेसेज_सबमिट, मेसेज_स्टार्ट, मेसेज_डन, आणि प्रत्येक ट्रान्सफरचे स्टार्ट-स्टॉप, लांबीसकट. हे परत लिहायचं काहीच कारण नाही. तू फक्त तीन लिही: ड्रेन_स्टार्ट (थ्रेडची पहिली ओळ), ड्रेन_डन (सॅम्पल बफरमध्ये ठेवल्यावर) आणि वरच्या प्रोग्रॅमने वाचलं की यूझर_रीड.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ड्रायव्हरच्या स्ट्रक्टमध्ये एक क्रमांक ठेव. हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये तो एकने वाढव आणि तिन्ही ट्रेसपॉइंटमध्ये लिही. याच्याशिवाय ट्रेस म्हणजे नुसता ओळींचा ढीग. कुठला स्टार्ट कुठल्या डनचा हे वेळ बघून जुळवायला गेलास की नेमकं गडबडीच्या क्षणी, म्हणजे हवं असतं तेव्हाच, जुळत नाही. ब्लॉक लेयरच्या ट्रेसमध्ये सेक्टर नंबर हे काम करतो, नेटवर्कमध्ये एसकेबीचा (पॅकेट धरणाऱ्या स्ट्रक्टचा) पत्ता. तुझ्याकडे तसं काही नैसर्गिक नाही, म्हणून क्रमांक हवाच. मला एकच फील्ड घालायची परवानगी असती तर मी हाच घातला असता.

ड्रेन_डनमध्ये क्रमांकाशिवाय किती सॅम्पल निघाले आणि ओव्हरफ्लो ० की १ एवढं घाल. ओव्हरफ्लोचं वेगळं फील्ड का, ते पुढे येतंय.

भाराचं बोलायचं तर, ट्रेसपॉइंट बंद असताना त्या जागी एक नॉप (काहीच न करणारी) सूचना असते. आर्म ६४ वर ४ बाइट. बाकी सगळा कोड कम्पायलरने फंक्शनच्या बाहेरच्या अंगाला नेऊन ठेवलेला असतो. ट्रेसपॉइंट चालू केलास की कर्नल तो नॉप बदलून तिथे उडीची सूचना लिहितो. ही जंप लेबलची सोय २.६.३७ मध्ये आली, त्याआधी प्रत्येक ट्रेसपॉइंटपाशी एक व्हेरिएबल वाचून तपासावं लागायचं. चालू असताना एका नोंदीला साधारण मायक्रोसेकंदाचा काही भाग जातो. तुझे सेकंदाला १२५ उपसे. विसर त्याला.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. ट्रेसपॉइंट बंद असला तरी त्याला दिलेले आर्ग्युमेंट सी भाषेच्या नियमाने काढले जाऊ शकतात. तिथे रजिस्टर वाचणारं फंक्शन लिहिलंस तर ट्रेस बंद असतानाही ते वाचन दर वेळी होईल, आणि तुझ्याकडे रजिस्टर वाचणं म्हणजे एसपीआयची अख्खी फेरी. असं काही द्यायचंच असेल तर ‘ट्रेस_…_एनेबल्ड’ तपासून त्याच्या आत कर. ते तपासणंही त्याच नॉपवर चालतं.

तुझी एरर. हेडर इन्क्लूड केल्याने फक्त घोषणा मिळते. प्रत्यक्ष व्याख्या बनायला कुठल्यातरी एकाच सी फाइलमध्ये, हेडरच्या इन्क्लूडच्या वर, ‘क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स’ डिफाइन करावं लागतं. एकाच फाइलमध्ये. दोन ठिकाणी केलंस तर ‘मल्टिपल डेफिनिशन’ येईल. हे विचित्र वाटतं खरं, पण त्यामागची युक्ती मला फार आवडते: डिफाइन_ट्रेस नावाचा हेडर तुझाच हेडर पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी ट्रेस_इव्हेंट या मॅक्रोचा अर्थ बदलून वाचतो. एका वाचनात स्ट्रक्ट बनतं, दुसऱ्यात नोंद भरणारं फंक्शन, तिसऱ्यात छापणारं. म्हणूनच नेहमीच्या गार्डच्या अटीत ‘ट्रेस_हेडर_मल्टी_रीड’ जोडावं लागतं, आणि डिफाइन_ट्रेसचं इन्क्लूड गार्डच्या बाहेर, फाइलच्या अगदी शेवटी. तुझा हेडर ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये आहे, म्हणून ट्रेस_इन्क्लूड_पाथला नुसता टिंब दे आणि मेकफाइलमध्ये त्या ऑब्जेक्टसाठी सोर्स फोल्डरचा ‘-आय’ घाल. नाहीतर पुढची एरर ‘फाइल सापडत नाही’ अशी येईल.

मॅक्रोचे नाव सोडून पाच भाग आहेत, त्यातल्या दोघांकडेच बघायला हवं. टीपी_स्ट्रक्ट__एन्ट्रीमध्ये मोठी फील्ड आधी आणि छोटी नंतर लिही. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर ८ बाइट ठरलेले असतातच (प्रकार, फ्लॅग, प्रीएम्प्ट काउंट, पीआयडी), त्यात फील्डच्या मधल्या मोकळ्या जागांची भर नको. आणि टीपी_प्रिंटकेमध्ये पॉइंटरच्या आत शिरू नकोस. टीपी_फास्ट_असाइन घटना घडते त्या क्षणी चालतं, टीपी_प्रिंटके मात्र तू फाइल वाचशील तेव्हा. दहा मिनिटांनी वाचलंस आणि मध्ये डिव्हाइस निघून गेला असेल तर तो पॉइंटर कुठे दाखवतोय कोण जाणे. डिव्हाइसचं नाव हवं असेल तर घडतानाच नोंदीत उतरवून घे.

आता ओव्हरफ्लोचं फील्ड. इव्हेंट्स फोल्डरमध्ये प्रत्येक ट्रेसपॉइंटची एक ‘ट्रिगर’ फाइल असते. ड्रेन_डनच्या ट्रिगरमध्ये एवढंच लिही: ‘ट्रेसऑफ इफ ओव्हरफ्लो==१’. आणि घरी जा. ट्रेस बफर गोल फिरत राहील, जुन्या नोंदी पुसत राहील, आणि ज्या क्षणी सॅम्पल सांडतील त्या क्षणी ट्रेस आपोआप थांबेल. सकाळी येशील तेव्हा गडबडीच्या आधीचे सगळे क्षण बफरमध्ये तसेच. बफर प्रत्येक कोरला मुळात १४०८ केबी असतो. शेड_स्विच बरोबर घेणार असशील तर वाढवून घे. ट्रेस_क्लॉकला ‘मोनो’ ठेव, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमच्या घड्याळाशी वेळ जुळेल.

केप्रोबबद्दल कोथरूडकर म्हणतात ते बरोबरच आहे, आणि आजच्या आज काही बघायचं असेल तर तेच लावावं. माझा कल तरी ट्रेसपॉइंटकडे, कारण सहा महिन्यांनी फंक्शनचं नाव बदललं तर केप्रोबची स्क्रिप्ट मोडते, आणि हे उपकरण गिऱ्हाइकाच्या पंपावर बसलेलं असताना तिथे जाऊन फंक्शनची नावं शोधत बसायला कोणाला वेळ नसतो.

पिंपळवाट

खूप आभार! एवढं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स घातल्यावर मॉड्यूल जोडलं गेलं, लोडही झालं. पण इव्हेंट्समध्ये आमचं फोल्डरच दिसत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एक ओळ आलीये, ‘मॉड्यूल हॅज बॅड टेंट, नॉट क्रिएटिंग ट्रेस इव्हेंट्स’.

कोथरूडकर

मॉड्यूल ‘फोर्स’ लावून, म्हणजे कर्नलची आवृत्ती जुळत नसताना जबरदस्तीने लोड केलंय का? बाहेरचं मॉड्यूल चालतं, सही नसलेलं चालतं, पण जबरदस्तीने लोड केलेलं असेल तर कर्नल त्याचे ट्रेस इव्हेंट बनवत नाही. चालू कर्नलच्याच सोर्सवर पुन्हा कम्पाइल करून साधं लोड केलं की दिसतील.

आणि एक कुतूहल, रात्रपाळी यांना. चालू कर्नलचा कोड असा जागच्या जागी बदलणं धोक्याचं नाही का? कारखान्यातल्या मशीनवर हे चालू ठेवायचं म्हणजे.

रात्रपाळी

प्रश्न रास्त आहे, आणि याचा दाखला इतिहासात आहे. २००८ मध्ये २.६.२७ ची तयारी चालू असताना लोकांची इंटेलची ई१०००ई नेटवर्क कार्डं निकामी व्हायला लागली. कार्डाच्या आतली कायमची मेमरीच बिघडत होती. सगळ्यांनी आधी नेटवर्क ड्रायव्हरवर संशय घेतला. खरं कारण निघालं डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे फंक्शन ट्रेसरमागची यंत्रणा. तो तेव्हा चालू कर्नलमध्ये, बदलायच्या जागांचे पत्ते लक्षात ठेवून नंतर तिथे लिहायचा. मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड एकदा चालून झाला की ती जागा मोकळी होते. एफट्रेसकडे पत्ता जुनाच होता, आणि तोवर त्या पत्त्यावर कार्डाची मेमरी जोडली गेलेली असायची. २.६.२७ मध्ये ती सोय बंद करावी लागली. नंतर स्टीव्हन रोस्टेड यांनी पत्ते गोळा करण्याचं काम कम्पाइलच्या वेळेवर नेलं, आणि लिहिण्याआधी तिथे अपेक्षित सूचनाच आहे ना हे तपासणं आलं.

ट्रेसपॉइंटची जंप लेबल ही वेगळी यंत्रणा आहे, पण तीही अशीच पत्ते आधी नोंदवून चालते आणि मॉड्यूल येता-जाता यादी अद्ययावत होते. मी तिच्यावर विश्वास ठेवते. सर्व्हरवर, फोनवर रोज हे चालतं.

पिंपळवाट

हो, फोर्स लावूनच लोड करत होतो, पुन्हा कम्पाइल केल्यावर फोल्डर दिसलं. साहेब तर म्हणाले, ड्रायव्हर पुढेमागे मूळ कर्नलमध्ये पाठवू. ट्रिगर लावून रात्रभर ठेवलं. सकाळी ट्रेस थांबलेला होता!! ताई, तुम्ही म्हणालात तसंच.

महत्त्वाच्या ओळी उतरवतो. वेळ सेकंदात, प्रोसेस कंसात. एसपीआय०.० म्हणजे आमची एडीसी, ०.१ म्हणजे त्याच बसवरची फ्लॅश मेमरी.

८१२.४०१९६१ (लॉगपाठव) एसपीआय_ट्रान्सफर_स्टार्ट: एसपीआय०.१ लेन=६५५३६
८१२.४०३११२ (आयआरक्यू/४७-एडीसी) एडीसी_ड्रेन_स्टार्ट: क्रमांक=५०२१७
८१२.४०३१२४ शेड_स्विच: आयआरक्यू/४७-एडीसी, प्रीव्ह_स्टेट=डी
८१२.४२८१९० (लॉगपाठव) एसपीआय_ट्रान्सफर_स्टॉप: एसपीआय०.१ लेन=६५५३६
८१२.४२८२३६ (आयआरक्यू/४७-एडीसी) एसपीआय_मेसेज_सबमिट: एसपीआय०.०
८१२.४२८३०१ एसपीआय_मेसेज_डन: एसपीआय०.०
८१२.४२८३०९ एडीसी_ड्रेन_डन: क्रमांक=५०२१७ सॅम्पल=१६ ओव्हरफ्लो=१

लॉगपाठव हा आमचाच प्रोग्रॅम, फ्लॅशमधला लॉग वाचून सर्व्हरला पाठवतो. पण एक कळत नाही. सबमिटपासून डनपर्यंत जेमतेम ६५ मायक्रोसेकंद. म्हणजे बस तर पटकन काम करतेय. मग उशीर कुठला? आणि आमच्या थ्रेडची प्रायॉरिटी फिफो ५० आहे (ही शेड्युलरची रिअल-टाइम पातळी, चिपच्या फिफोशी संबंध नाही), लॉगपाठव साधा. तरी आम्ही का थांबलो?

रात्रपाळी

वा! ही ट्रेस जपून ठेव, नव्या माणसाला शिकवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

ड्रेन_स्टार्ट आणि सबमिट यांच्यातलं अंतर बघ. ४०३११२ ते ४२८२३६, म्हणजे २५ मिलिसेकंद. नुसते एसपीआयचे ट्रेसपॉइंट बघितले असतेस तर बसला निर्दोष सोडलं असतंस, कारण त्यांची गोष्टच सबमिटपासून सुरू होते. तुझ्या ड्रायव्हरने ‘मी कामाला लागलो’ असं आपल्या तोंडाने सांगितलं म्हणून अलीकडची बाजू दिसली.

मधल्या काळात काय झालं ते शेड_स्विचमध्ये लिहिलंय: स्टेट डी. थ्रेड स्वतःहून झोपलाय, कोणीतरी उठवेपर्यंत. एसपीआय_सिंकचा सोर्स उघड. पहिलीच गोष्ट करतो ती कंट्रोलरचं बस_लॉक_म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेणं, आणि सबमिटचा ट्रेसपॉइंट त्याच्यानंतर, आतल्या फंक्शनमध्ये आहे. फ्लॅशचं वाचनही तेच म्युटेक्स धरून बसलेलं होतं. खात्री करायची असेल तर लॉक गटातले कंटेन्शन_बिगिन आणि कंटेन्शन_एंड चालू कर. ५.१९ पासून आहेत, तुझ्या ६.१ मध्ये मिळतील. नेमके या २५ मिलिसेकंदांच्या दोन टोकांना दिसतील.

फ्लॅशला एवढा वेळ का, तेही ट्रेसमध्येच आहे: लेन=६५५३६. बस २० मेगाहर्ट्झवर आहे असं धरते. ६५५३६ बाइट म्हणजे ५,२४,२८८ बिट, भागिले दोन कोटी, म्हणजे २६.२ मिलिसेकंद. स्टार्ट-स्टॉपमधलं अंतरही तेवढंच आहे. तुला इंटरप्ट मिळतो तेव्हा फिफोत ८ जागा शिल्लक असतात, म्हणजे ८ मिलिसेकंदांची सवड. २५ मध्ये सांडणारच.

प्रायॉरिटीचं म्हणशील तर, फिफो ५० तुला कोरवर आधी चढवतं. पण साधं म्युटेक्स ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून ते काढून घेता येत नाही, आणि साध्या म्युटेक्समध्ये वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी धरणाऱ्याला उसनी मिळत नाही. इथे तर मिळूनही उपयोग नव्हता. लॉगपाठव कोरसाठी थांबलेलाच नव्हता, तो तारेवरून बिट जाण्याची वाट बघत होता.

आजचा उपाय वरच्या प्रोग्रॅममध्ये आहे: एका वेळी ४ केबी वाचा. ४०९६ बाइटला १.६ मिलिसेकंद. मध्ये मध्ये म्युटेक्स सुटेल, तुझ्या थ्रेडला आत शिरायला मिळेल, आणि ८ च्या सवडीत ते बसतं. बोर्डाची पुढची आवृत्ती काढणार असाल तर फ्लॅश दुसऱ्या एसपीआय कंट्रोलरवर न्या. हे हार्डवेअरवाल्यांना पटवायला हीच ट्रेस घेऊन जा.

पिंपळवाट

लॉगपाठवमध्ये ब्लॉकचा आकार ६४ केबीवरून ४ केबी केला. तेव्हापासून ट्रिगर लावूनच ठेवलाय, ट्रेस थांबलेला नाही. कंटेन्शनचे ट्रेसपॉइंटही लावून पाहिले, तुम्ही सांगितलेल्या जागीच दिसले. हार्डवेअरच्या माणसाला ओळी दाखवल्या, तो स्वतःहून म्हणाला की फ्लॅश हलवू.

शेवटचं विचारतो. काम झालंय, तर हे तीन ट्रेसपॉइंट काढून टाकू की ठेवू? ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये पाठवायचा झाला तर ते चालतील का?

रात्रपाळी

ठेव. बंद असताना तीन नॉप, आणि गिऱ्हाइकाकडे पुन्हा काही झालं तर नवीन कर्नल न पाठवता चालू करता येतील. ट्रेसपॉइंट २.६.२८ मध्ये आले (माथ्यू देनॉयर यांचं काम) आणि ट्रेस_इव्हेंट मॅक्रो २.६.३० मध्ये, ते याचसाठी.

मूळ कर्नलमध्ये पाठवताना मात्र एकेका फील्डचा विचार कर, कारण ट्रेसपॉइंट बाहेर दिसतो आणि बाहेरचे प्रोग्रॅम त्यावर विसंबतात. पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण माहीत असू दे. कर्नलमधलं जुनं बिग कर्नल लॉक काढून टाकल्यावर प्रत्येक नोंदीच्या डोक्यावरचं लॉक_डेप्थ हे फील्ड निरर्थक झालं, म्हणून तेही काढलं. पॉवरटॉपने नोंदीची रचना आपल्या कोडमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवलेली होती. तो मोडला. फॉरमॅट फाइल वाचूनच रचना ठरवायची असते, हे म्हणणं खरं असूनही टिकलं नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम सरळ आहे: चालणारा प्रोग्रॅम कर्नल बदलल्याने मोडला तर चूक कर्नलची. २०११ मध्ये कुठल्याच उपयोगाचे नसलेले ४ बाइट प्रत्येक नोंदीत परत घालावे लागले, आणि पॉवरटॉप सुधारून लोकांपर्यंत पोचेपर्यंत ते तिथेच राहिले. याच धास्तीने अल व्हायरो यांनी ते सांभाळतात त्या व्हीएफएसमध्ये (सगळ्या फाइल सिस्टिमच्या वरच्या सामाईक थरात) ट्रेसपॉइंट येऊ दिले नाहीत. शेड्युलरच्या लोकांनी मधला मार्ग काढला, काही ट्रेसपॉइंट नुसते घोषित केले, इव्हेंट्स फोल्डरमध्ये न दाखवता. ज्याला हवेत त्याने मॉड्यूल लिहून जोडावं.

तुझ्या एका चिपच्या ड्रायव्हरला कोणी एवढं अडवणार नाही. तरी नावं घटनेची दे, फंक्शनची नको. ड्रेन_स्टार्ट ठीक आहे, उद्या तुझं फंक्शन दोन तुकड्यांत मोडलं तरी उपसा सुरू होणं हे राहीलच. अंतर्गत स्ट्रक्टचे पॉइंटर नोंदीत ठेवू नकोस. क्रमांक, सॅम्पल आणि ओव्हरफ्लो एवढीच फील्ड राहू देत. यूझर_रीड तुला या सगळ्या शोधात एकदाही लागला नाही, तो पॅचमधून (पाठवायच्या बदलातून) वगळ, पुढे गरज पडली तर घालता येईल. घातलेला काढणं अवघड जातं.

ट्रेसपॉइंटचा पॅच ड्रायव्हरच्या पॅचपासून वेगळा पाठव. कमिटच्या मजकुरात वरच्या सात ओळी तशाच घाल आणि २५ मिलिसेकंद कुठे गेले ते दोन वाक्यांत लिही. हा ट्रेसपॉइंट कशाला हवा असं तपासणारा विचारणारच, त्याला त्यात उत्तर मिळेल. पाठवलास की इथे कळव, मीही वाचेन.